खासगी विक्री, परत घेतलं जाणार नाही

३ फेब्रुवारी

इम्के,

तू फोनवर मला बंद केलंस. मेसेज पाठवला की तो एका राखाडी खुणेवर अडतो आणि तसाच बसून राहतो. म्हणून कागद घेतला. तुमच्या प्रशिक्षण वसतिगृहाच्या पत्रपेटीला माणूस अडवता येत नाही, एवढाच माझा फायदा. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

आधी माझा राग सांगतो, मग बाकीचं. तुला जुन्या वस्तू विकायच्या त्या साइटचा मेल आला की गेल्या वर्षी तुझ्या खात्यातून बरीच विक्री झाली आणि त्याची माहिती कर-खात्याला दिलेली आहे. बरं. असले मेल हजारोंना येतात. तू काय केलंस? मला एका शब्दानं विचारलं नाहीस. तो छापून घेतलास आणि सरळ तुझ्या साहेबांच्या, हार्म्सबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलास. ‘हे मी विकलेलं नाही.’ कुणी सांगितलं होतं? कर-कार्यालयात शिकाऊ आहेस म्हणून स्वतःच्याच घरावर छापा घालायचा?

ऑक्टोबरात पासवर्ड तूच दिला होतास. तुझा जुना हिवाळी कोट आणि बर्फावरचे बूट विकून दे म्हणालीस. दिले विकून. मग माझंही थोडंफार त्याच खात्यावर टाकलं. थोडंफारच. तुझं खातं खासगी, गिऱ्हाइकांनी दिलेले तुझे तारे चांगले, लोकांचा तुझ्यावर विश्वास. माझं खातं साइटनं कसं अडवून ठेवलंय ते तुला माहीत आहे.

उपाय सोपा आहे. हार्म्सबाईंना लिहून दे की घरातलं एक कपाट रिकामं केलं. घरातलं जुनंपानं विकायला कुणाची परवानगी लागत नाही, हे तूच मला शिकवलंस. दोन ओळी लिही, सही कर, विषय संपला.

आणि रविवारच्या त्या कार्डाचा संशय माझ्यावर घेऊ नकोस. काळ्या किनारीचं कार्ड, आत ‘आपल्या टोमाच्या जाण्यानं फार वाईट वाटलं’, आणि तुझी टोमाआजी समोर बसून ते मोठ्यानं वाचतेय. ‘घ्या. मी गेले. आता चहा कोण ओतणार?’ म्हणाली. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो असेन. तू हसली नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि पहिला कप संपताच चमचा कपात उभा करून ठेवलास. तुझ्या आजीच्या टेबलावर कपात चमचा म्हणजे ‘आता पुरे’, आणि तो तीन कप होण्याआधी ठेवणं म्हणजे बसलेल्यांचा अपमान, ते मला कळतं. मी काही दूरच्या बव्हेरियातून आलेलो नाही.

कुणाचा तरी वेडेपणा असेल तो. मला काय माहीत?

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं ते तुझ्याजवळ राहता यावं म्हणून. ते तरी आठव.

हाबो


१० फेब्रुवारी

इम्के,

उत्तर आलं नाही. मीही मला लिहिलं नसतं.

काल बेकरीत गेलो होतो. बेकरीवालीनं पाव बांधता बांधता आवाज खाली घेतला. ‘मोइन, हाबो,’ असा नमस्कार करून म्हणाली, ‘वाईट झालं रे. किती माणसांचा केक धरू, काही बोलले का घरचे?’

‘कसला केक?’

‘टोमाचा. दफनानंतरच्या चहाला लागेलच ना. लोणी घातलेला करते, तिला तोच आवडायचा.’

माझ्या मागे रांग होती. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई, ती जिवंत आहे, सकाळीच तिला सायकलवर बघितलं. मी काय म्हणालो सांगू? ‘अजून ठरलं नाही.’ पाव घेतला आणि बाहेर आलो. धरणाच्या बांधावर वाऱ्यात उभा राहून तो अख्खा कोरडाच खाल्ला.

ते कार्ड माझ्यामुळे आलं, इम्के. तुला तेव्हाच कळलं होतं ना?

पहिल्यापासून सांगतो. ओनोच्या टेम्पोवर मी काय काम करतो ते तू बघितलं आहेस. म्हातारं माणूस गेलं की मुलं फोन करतात, त्यांना आठवड्याच्या आत घर झाडून हवं असतं, विकण्याजोगं निघेल ते आमचं. ओनोला कपाटं आणि गालिचे कळतात, बारीकसारीक तो मला देतो. मी आत्याच्या गॅरेजात ते पुसतो, दुरुस्त करतो, फोटो काढतो, साइटवर टाकतो. मागच्या उन्हाळ्यात साइटनं विचारलं: तुमचं खातं खासगी की व्यावसायिक? एका चौकोनात खूण करायची होती.

मी ते दोन चौकोन तासभर बघत बसलो होतो. व्यावसायिक म्हटलं की आधी नगरपालिकेत धंद्याची नोंद. मग कर. मग प्रत्येक वस्तूखाली आपलं पूर्ण नाव आणि पत्ता, कुणीही यावं, वाचावं. आणि गिऱ्हाईकाला चौदा दिवस: आवडलं नाही तर कारण न देता परत पाठवायचं, आणि आपण निमूट घ्यायचं. खासगी म्हटलं की एक ओळ पुरते. ‘खासगी विक्री, परत घेतलं जाणार नाही.’ दार बंद. मी खासगीवर खूण केली. मला वाटलं मी हुशार आहे. इतका माल बघून साइटनं ते खातं अडवलं तेव्हा मी तुझं उघडलं.

पण तुझ्या खात्यावरही पाच पाच दिवे, चार चार रेडिओ एकदम दिसले तर कुणालाही शंका येणार. तेव्हा ओनो म्हणाला, ‘आजी गेली म्हणून लिही. वारशाचा माल कितीही असू दे, तो खासगीच. मेलेल्या आजीला कुणी हिशोब विचारत नाही.’

आजी तर खरीच मेली होती. फक्त ती माझी नव्हती. बांधापलीकडच्या वाडीतली एक बाई, तिच्या कपाटात गुलाबाच्या नक्षीचा चहाचा पूर्ण संच निघाला. तिचं नाव मला ठाऊक नाही. मी विचारलंच नाही. लिहायला बसलो आणि आजी म्हटल्यावर मला एकच आजी सुचली.

‘आमची लाडकी टोमाआजी नुकतीच गेली. दर रविवारी आम्ही याच कपांतून चहा प्यायलो. जड मनानं विकत आहोत. खासगी विक्री, परत घेतलं जाणार नाही.’ खाली तुझं नाव, गावाचं नाव.

अजून एक आहे. फोटो मी तिच्याच स्वयंपाकघरात काढले. ती मागे परसात कोबी कापत होती. तिच्या टेबलावरचं ते निळं कापड मला हवं होतं, कोपऱ्यात तिनं विणलेलं जहाज आहे ते. उजेडही छान येतो तिथं. ते कापड आख्ख्या तालुक्याला माहीत आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिला खिडकीतून हाक मारून मी म्हणालो होतो, ‘आजी, जरा टेबल वापरतो हं.’ ती म्हणाली, ‘वापर की बाळा.’

ओनोशी भांडलो. त्याच्या टेम्पोचा आरसा मी लाथेनं तोडला. तो म्हणाला, ‘आरसा तोडलास, पण ती ओळ मी टाइप केली नव्हती.’

आता ‘थोडंफार’बद्दल. थोडंफार नव्हतं. सगळा हिवाळा होता.

हाबो


१६ फेब्रुवारी

इम्के,

मी आज टोमाआजीकडे जाऊन आलो.

दार तिनंच उघडलं. ‘मोइन. ये. मेलेल्यांच्या घरी चपला काढायची गरज नाही.’ म्हणजे तिला माहीत होतं. तूच सांगितलंस की तिनं कापड ओळखलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. खिडकीत काळ्या किनारीची कार्डं ओळीनं उभी केली होती, नाताळच्या कार्डांसारखी.

तिनं चहा टाकला. खडीसाखर कपात, वर चहा, ती तडकल्याचा आवाज, मग कडेनं साय. मी ढवळणार होतो, तिनं हातावर चापट मारली. ‘घाबरलास की ढवळतोस. इथे ढवळत नाहीत.’

पहिल्या कपात मी सगळं सांगितलं. दुसरा कप ओतला.

‘हे वाच,’ म्हणाली आणि एक कार्ड दिलं. हिलकाचं होतं. समुद्राकाठच्या गावातली हिलका, तिची शाळेतली मैत्रीण. एका लग्नात दोघींचं कशावरून तरी बिनसलं आणि नंतर बोलणंच नाही, तुला गोष्ट माहीत असेल. हिलका रोज साइटवर गुलाबाचे कप शोधते म्हणे, तिच्या संचातला एक फुटलाय. तिला कपाखालचं कापड दिसलं. तिनं लिहिलंय की जहाजाचं शीड वाकडं का आहे ते मला माहीत आहे, कारण तेव्हा मी टोमाला हसवत होते. मी फोन करायला हवा होता, आता उशीर झाला.

‘आता सांग,’ टोमाआजी म्हणाली. ‘हिला मी फोन कसा करू? “हॅलो, टोमा बोलतेय”? ती म्हातारी जागच्या जागी जाईल, आणि मग खरं कार्ड मला लिहावं लागेल.’

मला हसू आलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी कार्ड खाली ठेवलं.

‘यातून काही चांगलं निघालं तर ते माझं आणि हिलकाचं. त्याच्यावर तू सुटायचं नाहीस. इम्केचं काय?’

मी म्हणालो की इम्केनं दोन ओळी लिहून द्याव्यात, कपाट रिकामं केलं म्हणून.

आजीनं किटली खाली ठेवली आणि तुझ्या ऑफिसात काय चाललंय ते सांगितलं. तेव्हा मला कळलं, इम्के. तू मला यातलं काहीच सांगितलं नव्हतंस. हार्म्सबाईंनी तुला विचारलं, ‘तू नाहीस तर कोण?’ आणि तू गप्प बसलीस. खोटंही लिहीत नाहीस आणि नावही सांगत नाहीस. महिनाअखेरपर्यंत तुला लेखी द्यायचंय. नाही दिलंस तर सरकारी नोकरीत परवानगी नसताना जोडधंदा केला असं धरतील, आणि उन्हाळ्यात तुला कायम करायचं की नाही तेव्हा हेच पान उघडतील. तीन वर्षं अभ्यास केलास त्या खुर्चीसाठी. मी तुझ्या शेजारी बसून तुला प्रश्न विचारून तयारी करून घ्यायचो, मला अजून ते नियम पाठ आहेत.

‘ती तुझं नाव का घेत नाही?’ आजीनं विचारलं.

मी म्हणालो, ‘तिचं माझ्यावर...’

‘ते नंतर. मला वाटतं ती वाट बघतेय तू स्वतः घेतोस का. कॉलेज का सोडलंस रे?’

‘इम्केसाठी.’

‘हाबो.’

‘नापास होणार होतो. तीन विषय. सरांनी वर्गात तसं बोलून दाखवलं, मी वही फेकून मारली आणि निघून आलो.’

‘म्हणजे कॉलेज सोडलंस ते तिच्या नावावर. विकलंस तिच्या नावावर. माणूस मारलास माझ्या नावावर. तुझ्या नावावर काही आहे का?’

तिनं तिसरा कप ओतला. तो कसा संपवला ते मला विचारू नकोस.

हाबो


२० फेब्रुवारी

इम्के,

नोंदणी झाली. नगरपालिकेत जाऊन आलो. ‘जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री’, खाली माझं नाव, आत्याच्या गॅरेजचा पत्ता. साइटवर नवं खातं उघडलं, व्यावसायिक चौकोनात खूण केली. सगळं रीतसर. बेकरीत जाऊन टोमाआजी जिवंत आहे हेही सांगून आलो. बेकरीवाली म्हणाली, ‘मग केकचं काय?’ तो मी घेतला, आजीला दिला. तिनं तो हिलकाला फोन करायच्या आधी खाल्ला, नंतर नाही. ‘पोटात काही असलेलं बरं.’ फोन पाऊण तास चालला. पहिली पाच मिनिटं पलीकडून नुसतं रडणं आणि शिव्या.

आता मी कुणाच्या आड नाही. तू हार्म्सबाईंना माझं नाव सांगून टाक. माझी हरकत नाही.

रविवारी तू येतेस असं ऐकलं. मी येऊ का?

हाबो


२६ फेब्रुवारी

इम्के,

रविवारी मी आलो नाही. तू वाट बघितलीस असं नव्हे, तरी सांगतो का ते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. नोंदणीच्या कागदावर एक रकाना असतो: व्यवसाय कधीपासून सुरू. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, ‘आजपासून?’ ओनो दारात उभा होता, आम्ही आरशावरून समेट केला होता. त्यानं मान हलवली. मी म्हणालो, ‘आजपासून.’ त्यानं लिहिलं, मी सही केली.

बाहेर ओनोनं पाठीवर थाप मारली. ‘शहाणा. आता मागचं सगळं मागं.’ मीही हसलो. घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं, ‘सगळं रीतसर’. पेटीत टाकलं आणि मग लक्षात आलं की मागचं सगळं मागं म्हणजे कुणाकडे. ऑक्टोबर ते जानेवारी धंदा कुणाचाच नव्हता तर तो तुझा होता. मी माझं नाव लावलं ते उद्याच्या मालाला. कालचा सगळा तुझ्याच खांद्यावर ठेवला, आणि वर मोठेपणानं म्हणालो की माझं नाव सांग, माझी हरकत नाही. म्हणजे पुन्हा तूच सांगायचं.

ते पत्र वाचताना तू नक्की कुठल्या ओळीवर थांबली असशील ते मला ठाऊक आहे. तारीख मी लिहिली नव्हती, आणि तुला तारखा न लिहिलेले कागद लगेच दिसतात.

सोमवारी परत गेलो. तोच माणूस.

‘तारीख बदलायची आहे,’ म्हणालो. ‘मागच्या ऑक्टोबरपासून.’

‘मग परवा आजपासून का म्हणालात?’

‘खोटं बोललो.’

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, मला ते जमतं. त्यानं चष्मा पुसला. ‘उशिराच्या नोंदणीचा दंड वेगळा येईल, पत्रानं कळवतील. इथे सही. इथेही. ऑक्टोबरची कुठली तारीख?’

तुझा कोट विकून झाल्यानंतरचा जो दिवस, तो सांगितला.

तिथून थेट तुझ्या ऑफिसात. सायकलवरून जाताना वारा समोरून होता, दोनदा वाटलं की बंद झालं असेल, परत फिरावं. झालं नव्हतं. हार्म्सबाई दारातच भेटल्या, कोट घालून निघाल्या होत्या. मी कागद पुढे केला: त्या खात्यातली कोट आणि बूट सोडून सगळी विक्री माझी, माल माझा, पैसे माझ्या बँकेच्या खात्यात आले, तिला माहीत नव्हतं. नोंदणीची प्रत जोडली होती.

त्यांनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, मग परत वाचला. ‘तुम्ही तिचे कोण?’

‘तिनं पासवर्ड दिला होता,’ एवढंच म्हणालो.

‘पासवर्ड द्यायला नको होता. ते तिला मी सांगेनच,’ त्या म्हणाल्या. ‘पुढचं काय ते मी आत्ता बोलणार नाही. पण हा कागद तिच्या फाइलीत वर लागेल.’ आणि कोटाचं बटण लावत, ‘तिनं तुमचं नाव घेतलं नव्हतं. शेवटपर्यंत.’

मी तिथून कसा निघालो ते आठवत नाही. पुलावर सायकल टेकवून उभा राहिलो एवढं आठवतं.

कायम करतील का तुला, मला माहीत नाही. केलं नाही तर ते माझ्यामुळे, आणि त्याला मी कुठल्याच चौकोनात बसवू शकत नाही. तू मला ओरडायला तरी फोन सुरू करावास असं वाटतं. नाही केलास तरी चालेल. चालणार नाही, पण तसं लिहायला हवं.

नव्या खात्यावर पहिली वस्तू टोमाआजीनं दिली. तिची रोजची किटली, तोटीला टवका गेलेली. हिलका स्वतःची जुनी किटली तिला देतेय, म्हणून ही रिकामी झाली. फोटो त्याच निळ्या कापडावर काढले, या वेळी ती शेजारी उभी राहून सांगत होती. मजकूरही तिनंच सांगितला: ‘किटली. तोटीला टवका, चहा थोडा ओघळतो. मालकीण हयात आहे, खात्री करायची असेल तर रविवारी दुपारी या.’ खाली मी लिहिलं ते नियमाप्रमाणं: माझं नाव, पत्ता, चौदा दिवसांत कारण न देता परत करता येईल.

किटली कुणी घेतली नाही अजून. कुणीतरी विचारलंय की मालकीण चहा देते का.

टोमाआजी म्हणते, येत्या रविवारी तू येणार आहेस. तिनं मला बोलावलं, पण तुला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही, ते मीच कळवायचं असं तिचं म्हणणं. म्हणून कळवतो. मी दारापासच्या खुर्चीवर बसेन, तुझ्या समोर नाही. ती ओतेल. पहिल्या कपानंतर तू कपात चमचा ठेवलास की मी उठेन आणि जाईन. तुला एकही कारण द्यावं लागणार नाही.

नाही ठेवलास, तर मी ढवळणार नाही.

हाबो